बटण क्रमांक एक

अंबड, जि. जालना

शुक्रवार, ५ जुलै २०२४

खरीप पीकविम्याचे अर्ज चालूच होते, त्यात सोमवारपासून ‘लाडकी बहीण’ योजनेची भर पडली. शटर वर करायच्या आधीच पायरीवर बायका बसलेल्या असतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कुणाला रहिवासी. त्यांच्या मागं शेतकरी उभे, हातात पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक आणि पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. विम्याला यंदा शेतकऱ्याचा एक रुपया लागतो. आम्हा सेवा केंद्रवाल्यांना अर्जामागे चाळीस रुपये विमा कंपनीकडून मिळतात. माझं घर या दोन हातांच्या बोटांवर चालतं, म्हणून त्यांच्याबद्दल इथे लिहून ठेवते.

उजव्या हाताची तर्जनी आज दुपारपासून ठणकतेय. बोटाच्या मुळापासून मनगटावरून कोपरापर्यंत रग लागली आहे. डॉक्टर मागेच म्हणाले होते, हाताला आराम द्या. जुलै महिन्यात दोन्ही हातांना आराम देणं शक्य नाही. एका हाताला देता येईल.

रात्री शटर ओढल्यावर माऊस कीबोर्डच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवला. सेटिंग्जमध्ये माऊस उघडलं. तिथे सगळ्यात वरच ‘प्रायमरी बटन’ असतं. त्यात ‘लेफ्ट’चं ‘राइट’ केलं. एवढंच. काही विकत आणावं लागलं नाही, कुणाला बोलवावं लागलं नाही. डाव्या हातात माऊस धरला की तर्जनी आपसूक उजव्या बटणावर पडते, आणि आता तेच बटण निवडायचं, उघडायचं, ओढायचं काम करतं. मेनू दाखवणारं दुसरं बटण मधल्या बोटाखाली गेलं. बदल लगेच लागू होतो, त्यामुळे त्यानंतर खिडकी बंद करायची तीसुद्धा नव्या बटणानं. तिथे नवखा माणूस घाबरतो, आपण काहीतरी बिघडवलं असं त्याला वाटतं. बिघडत काही नाही. परत हवं तर तीच जागा, तीच निवड.

शनिवार, ६ जुलै

सकाळी संगणक चालू केला, पासवर्डच्या पडद्यावर बटणं जुन्यासारखीच. आत गेल्यावर पुन्हा बदललेली. कारण सरळ आहे: ही निवड माणसाच्या खात्यात लिहिली जाते, संगणकात सरसकट नाही. रजिस्ट्रीत प्रत्येक वापरकर्त्याच्या कंट्रोल पॅनेलखाली माऊसचा कप्पा असतो, त्यात ‘स्वॅपमाऊसबटन्स’ नावाची नोंद, किंमत शून्य किंवा एक. पासवर्ड टाकायच्या आधी संगणकाला समोर कोण बसलंय हेच ठाऊक नसतं, म्हणून तो ‘डॉट डीफॉल्ट’ नावाच्या खात्याची नोंद बघतो. तिथेही एक करून ठेवलं तर पहिल्या पडद्यापासून बटणं आपल्या हातासारखी मिळतात. मी ते केलं नाही, कारण संध्याकाळी याच मशीनवर आमचे हे बसतात आणि त्यांचा उजवा हात ठणठणीत आहे. त्यांचं खातं वेगळं, माझं वेगळं. एका यंत्रावर दोन माणसं आपापल्या हातानं काम करू शकतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आज दिवसभरात एक गोष्ट लक्षात आली, ती कुठल्या क्लासमध्ये कुणी शिकवत नाही. आमच्या कामात अक्षरं कमी, आकडे फार. आधारचे १२, मोबाईलचे १०, खात्याचे ११ किंवा जास्त, वर गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये. आकड्यांची पाटी कीबोर्डच्या उजव्या टोकाला असते आणि माऊस तिच्याही पलीकडे. म्हणजे उजव्या हाताला दोन्ही कामं. आकडे मारा, हात उचला, माऊस धरा, रकाना निवडा, परत पाटीवर या. माऊस डावीकडे गेला तेव्हा उजवा हात पाटीवरून हललाच नाही. डावा रकाना निवडतो, उजवा आकडे भरतो. आणि अर्ज क्रमांक वहीत टिपायचा असतो तेव्हा पेनही उजव्याच हातात, माऊस सोडायचं कारण नाही. डावं-उजवं हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, ज्याचं काम आकड्यांचं आहे अशा कुणाही उजव्या माणसानं हे करून बघावं.

फक्त दुखणं उजव्याकडून उचलून डावीकडे नेऊन ठेवणं हा इलाज नव्हे. तेवढेच क्लिक डाव्या तर्जनीनं केले तर दिवाळीपर्यंत तीही ठणकेल. म्हणून रकान्यातून रकान्यात टॅबनं जायचं, चौकोनात बरोबरची खूण स्पेसबारनं करायची, यादीत गावाचं पहिलं अक्षर टाइप करून पोचायचं. माऊसला हात लावायचा तो जिथे दुसरा मार्गच नाही तिथे.

मंगळवार, ९ जुलै

गोदाकाठच्या गावातले एक आबा बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होते. म्हणाले, “डाव्या हातानं भरू लागली ताई, इमा मंजूर व्हईन ना?”

म्हटलं, “आबा, कोणत्या हातानं भरला ते अर्जात कुठंच लिहिलेलं नसतं.”

“मंग ठीक हाय,” म्हणाले आणि अंगठा द्यायला हात पुढे केला, उजवा.

आज दाखल्यांची गर्दी थोडी ओसरली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, असं शासनानं केल्यापासून अर्ध्या बायका समाधानानं घरी गेल्या.

रविवार, १४ जुलै

दुपारी सवड मिळाली. बरेच दिवस मनात होतं ते वाचून काढलं. माऊसच्या बटणांना डावं-उजवं कुणी ठरवलं?

अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस बनवला. लाकडाची पेटी, खाली काटकोनात दोन चाकं, वर एकच बटण. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो लोकांपुढे आणला तेव्हा बटणं तीन झाली होती. मला त्या प्रयोगातलं दुसरं साधन जास्त आवडलं. उजव्या हाताखाली माऊस आणि डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा छोटा संच, एकाच वेळी दोन-तीन पट्ट्या दाबून अक्षर काढायचं. दोन्ही हातांना वेगवेगळं काम द्यायचं हा विचार सुरुवातीपासूनच होता. तो संच मागे पडला, माऊस तेवढा राहिला. पेटंट मिळालं १७ नोव्हेंबर १९७० ला.

पुढे बटणं किती असावीत यावरच एकमत नव्हतं. झेरॉक्सच्या आल्टोला तीन, १९८१ च्या स्टारला दोन, ॲपलच्या लिसाला १९८३ मध्ये एकच. मायक्रोसॉफ्टचा पहिला माऊस त्याच वर्षीचा, त्याला दोन. मधलं चाक घरोघरी पोचलं ते १९९६ च्या इंटेलिमाऊसपासून. ज्या गोष्टीवर इतकी वर्षं वेगवेगळे निर्णय झाले, ती देवानं घालून दिल्यासारखी आपण का मानतो?

त्याहून महत्त्वाचं पुढचं. यूएसबी माऊस संगणकाला जे कळवतो ते अगदी थोडकं असतं. साध्या माऊसचा निरोप तीन बाइटांचा. पहिल्या बाइटमध्ये बटणांच्या खुणा, दुसऱ्यात आडवं किती सरकलं, तिसऱ्यात उभं किती. साधा माऊस सेकंदाला सव्वाशे वेळा असा निरोप देऊ शकतो. आणि ज्या नियमावलीनुसार हे चालतं तिच्यात बटणांना नुसते क्रमांक आहेत: बटण एक, बटण दोन, बटण तीन. एक म्हणजे मुख्य, दोन म्हणजे दुय्यम. डावा हात, उजवा हात यांचा त्यात संबंधच नाही. क्रमांक एकनं काय करायचं हे संगणकातलं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि ते ठरवणं आपल्या हातात आहे. कात्रीचं तसं नाही. डावखुऱ्याची कात्री करायची तर पातीच उलटी बसवावी लागतात. माऊसमध्ये लोखंड वाकवायचं नाही, एक नोंद बदलायची आहे.

मंगळवार, १६ जुलै

विम्याची मुदत ३१ तारखेपर्यंत वाढली, म्हणून हाताखाली एक मुलगी घेतली. बारावी झालेली, हुशार, डावखुरी. जेवते उजव्या हातानं, लिहिते उजव्या हातानं, कारण लहानपणापासून तसं करून घेतलं. भाजी चिरते, खडा मारते, सुईत दोरा ओवते डाव्या हातानं. संगणक शिकली तिथे सगळे माऊस उजवीकडे आणि सेटिंगला हात लावायचा नाही असा नियम. एकाच मशीनवर दिवसभर मुलं बदलतात, तर नियम का झाला असेल हे मी समजू शकते. पण प्रत्येक मुलाला वेगळं लॉगिन दिलं की प्रश्नच उरत नाही, आणि लॉगिन बनवायला पाच मिनिटं लागतात.

तिला म्हटलं, तुझं तू ठरव, कोणत्या हाताला बरं वाटतं. तिनं काही न बोलता माऊस डावीकडे घेतला. तिच्या खात्यात बटणं बदलून दिली. तासाभरात तिचा वेग मला दिसला.

दुपारी मात्र एक अर्ज पूर्ण भरलेला असताना गेला. पान मागे गेलं आणि रकाने कोरे. ती रडवेली झाली. मला कळेना, तिनं तर काही दाबलं नव्हतं. मग तिचा हात नीट बघितला. तिला दिलेला माऊस पाच बटणांचा होता. कडेची दोन बटणं माऊसच्या डाव्या अंगाला असतात, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी, एक मागे जायला, एक पुढे. तोच माऊस डाव्या हातात धरला की ती बटणं करंगळीच्या नाहीतर अनामिकेच्या खाली येतात. माऊस घट्ट धरला की करंगळी दाबली जाते, ब्राउझरला ‘मागे जा’ असा हुकूम मिळतो, आणि कुठल्याही पोर्टलवरचा भरलेला फॉर्म अशा वेळी पुसला जाऊ शकतो. मुख्य दोन बटणांची अदलाबदल विंडोज करून देतं, कडेच्या बटणांना मात्र त्या सेटिंगमध्ये जागाच नाही.

त्यासाठी ‘एक्स-माऊस बटन कंट्रोल’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात माऊसच्या एकेका बटणापुढे यादी असते, हवं ते काम नेमून द्यायचं. तिच्या खात्यात कडेची दोन्ही बटणं बंद करून टाकली. शिवाय त्यात प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी नेमणूक करता येते, म्हणजे ब्राउझरमध्ये बटण बंद आणि फोटो कापायच्या प्रोग्राममध्ये चालू. संध्याकाळपर्यंत एकही फॉर्म गेला नाही.

एक अडचण उरली ती बोलण्याची. पुस्तकात लिहिलेलं असतं ‘राइट क्लिक करा’, आणि तिच्या माऊसवर उजवं दाबलं की ते लेफ्ट क्लिकचं काम करतं. आम्ही दोघींनी ठरवलं, दुकानात एकमेकींना सांगताना पहिलं बटण आणि दुसरं बटण म्हणायचं.

बुधवार, १७ जुलै

आषाढी. सकाळी मत्स्योदरीच्या टेकडीवर जाऊन आले. दुपारी साबुदाणा खाऊन दोघी परत मशीनवर. डाव्या हाताची बोटं अजून अडखळतात, पण उजव्या कोपरातली रग बरीच उतरली.

सोमवार, २२ जुलै

चाकाबद्दल लिहून ठेवायला हवं, कारण त्यात शेतकऱ्याचे पैसे अडकलेले आहेत.

फॉर्ममध्ये गावाची यादी उघडून गाव निवडलं, मग पान खाली सरकवायला चाक फिरवलं. निवड अजून त्या यादीवरच असेल तर काही फॉर्ममध्ये पान सरकत नाही, यादीतलं नाव सरकतं. एक गाव जाऊन त्याच्या खालचं येतं. पिकाचंही तसंच, सोयाबीनच्या जागी यादीतलं शेजारचं पीक. क्षेत्राचा रकाना आकड्यांचा असेल तर हेक्टरचा आकडा खालीवर होतो. तो बदल इतका गुपचूप होतो की भरणाऱ्याला कळत नाही. कळतं ते नुकसानीचा दावा केल्यावर, जेव्हा अर्जातलं पीक आणि शेतातलं पीक जुळत नाही.

पोरीला सांगितलं, निवड झाली की आधी टॅब दाबून त्या रकान्यातून बाहेर पडायचं, मगच चाकाला हात लावायचा. पाठवायच्या आधी गाव, गट, पीक, क्षेत्र, या चार गोष्टी शेतकऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. विमा भरायला आलेला माणूस पडद्याकडे बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघतो.

शुक्रवार, २६ जुलै

यांच्या माऊसला वेगळाच रोग. एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं होतं. फाइल निवडायला जावं तर उघडते, फॉर्म एकदा पाठवावा तर दोनदा जातो की काय अशी भीती. मुख्य बटणाखाली बोटाच्या पेराएवढासुद्धा नसलेला मायक्रोस्विच असतो, त्यात तांब्याची बारीक पट्टी. दाबलं की ती ‘टिक’ करून खाली टेकते. नेहमीच्या स्विचवर कंपन्या एक कोटी क्लिकांचं आयुष्य सांगतात. पट्टीचा ताण गेला किंवा टोकावर काजळी धरली की टेकताना ती थरथरते, आणि संगणकाला एकाऐवजी दोन दाब दिसतात.

यावर लोक नवा माऊस आणतात. मला ते पटत नाही, कारण त्याच माऊसमध्ये दुसऱ्या बटणाखाली तसलाच स्विच जवळजवळ नवा पडलेला असतो. मेनू उघडायला आपण ते बटण असं कितीदा दाबतो? म्हणून तात्पुरता उपाय अदलाबदल. यांच्या खात्यातही बटणं उलटी करून दिली, म्हणजे मुख्य काम चांगल्या स्विचवर. माऊस उजव्याच हातात राहिला, फक्त क्लिक मधल्या बोटानं. दोन दिवस कुरकुरले, पण काम थांबलं नाही.

पक्का उपाय जालन्यात झाला. अंबड चौफुलीला उतरून गांधी चमनकडे जाताना एक दुरुस्तीवाले काका बसतात. त्यांनी माऊस उघडला, दोन्ही स्विच सोल्डर वितळवून काढले आणि एकमेकांच्या जागी लावले. थकलेला गेला कमी कामाच्या जागेवर, ताजा आला मुख्य जागेवर. चहा संपायच्या आत काम झालं. घरी येऊन यांची सेटिंग पूर्ववत केली. काका म्हणाले, नेटकॅफेच्या काळात हे रोजचं काम होतं, आता लोक माऊस टाकून देतात.

रविवार, २८ जुलै

आज शिकायला आलेल्या एका भावाबद्दल सविस्तर लिहिते.

जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये होता. भट्टीत भंगार वितळवून बिलेट बनतं, ते लाल असतानाच रोलमधून ओढून सळई काढतात. तिथे त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. बरा झाल्यावर मालकानं त्याला काट्यावर घेतलं. भंगाराची गाडी आत येताना भरलेलं वजन, जाताना रिकामं, मधला फरक संगणकात, पावती छापून ड्रायव्हरच्या हातात. कामाला कीबोर्ड थोडा आणि माऊस फार लागतो. आठ दिवसांत शिकून ये म्हणून सांगितलंय.

मी माऊस डावीकडे ठेवायला लागले. तो म्हणाला, “ताई, डाव्यानं मला लिहितापण येत न्हाई. उजवा हात अजून हाय ना माझा.”

बरोबर बोलला. मी हात मागे घेतला आणि त्याच्या हातात काय शिल्लक आहे ते आधी बघितलं. अंगठा शाबूत, पकड चांगली, अनामिका आणि करंगळी ठीक. नेहमीच्या माऊसवर अंगठ्याला काही कामच नसतं. पण पोरीच्या करंगळीला त्रास देणारा तो पाच बटणांचा माऊस उजव्या हातात धरला की कडेची दोन बटणं बरोबर अंगठ्याखाली येतात. जे तिच्यासाठी बंद केलं, त्याचाच याला उपयोग.

‘ऑटोहॉटकी’ नावाच्या प्रोग्राममध्ये दोन ओळी लिहिल्या. पहिली: कडेचं पहिलं बटण म्हणजे मुख्य बटण. दुसरी: कडेचं दुसरं बटण म्हणजे दुय्यम बटण. नुसता एक क्लिक पाठवला असता तर ओढायचं काम जमलं नसतं. पण या पद्धतीत बटण दाबून धरलं की दाबून धरल्यासारखंच राहतं आणि सोडलं की सुटतं, म्हणून खिडकी ओढणं, मजकूर निवडणं सगळं होतं. डबल क्लिकचा वेग माऊसच्या सेटिंगमध्ये बराच कमी केला, कारण अंगठा तर्जनीइतका चपळ नसतो. तास-दीड तासात तो फोल्डर उघडत होता, बंद करत होता. पत्त्यांचा डाव लावून दिला, ओढून ठेवायचा सराव त्यातच सगळ्यात चांगला होतो.

या दोन ओळींच्या मर्यादाही त्याला सांगितल्या. लॉगिनच्या पडद्यावर त्या चालत नाहीत, कारण प्रोग्राम आत गेल्यावर सुरू होतो. तिथे टॅब आणि एंटर. काही टाकताना विंडोज जी परवानगीची खिडकी दाखवतं तिथेही त्या चालत नाहीत.

आणि माऊस अजिबातच हाती नसेल तर आकड्यांची पाटी आहेच. डावीकडचा ऑल्ट, डावीकडचा शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबले की विंडोज विचारतं, माऊस कीज चालू करू का. हो म्हटलं की आठ, दोन, चार, सहानं बाण सरकतो, पाचनं क्लिक, अधिकच्या चिन्हानं डबल क्लिक, शून्यानं धरून ठेवायचं, बिंदूनं सोडायचं. वेग कमी, पण एका बोटानंही अख्खा संगणक चालतो. ही सोय विंडोजमध्ये तीस-एक वर्षं आहे आणि आमच्या तालुक्यात कुणी वापरताना मी पाहिलेलं नाही.

बुधवार, ३१ जुलै

शेवटचा दिवस. लाईट दोनदा गेली, इन्व्हर्टरवर काढलं. रात्री पोरीनं शेवटचा अर्ज पाठवला, बदनापूरकडच्या एका काकूंचा, तूर. हात दुखत नाही हे झोपताना लक्षात आलं.

रविवार, ४ ऑगस्ट

मिलवाला भाऊ परत आला. काट्यावरच्या संगणकात बाहेरचा कुठलाही प्रोग्राम टाकायचा नाही असं तिथल्या अकाउंटंटनी सांगितलं. वजनाचं मशीन आहे, त्यांचं म्हणणं रास्तच. मग दोन ओळी कुठे ठेवायच्या?

उत्तर माऊसमध्येच सापडलं. खेळांसाठी बनवलेल्या काही माऊसमध्ये स्वतःची मेमरी असते. खोक्यावर ‘ऑनबोर्ड मेमरी’ लिहिलंय का ते बघून घ्यायचं, स्वस्तातल्या बऱ्याच माऊसना ती नसते. कोणतं बटण कोणत्या क्रमांकाचं, हे माझ्या दुकानातल्या मशीनवर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून ठरवलं आणि माऊसमध्ये साठवलं. एक खुबी लक्षात ठेवायची. आधी अंगठ्याच्या बटणाला मुख्य क्लिक नेमायचा, मगच जुन्या बटणाचं काम काढायचं. क्लिक करायला एकही बटण उरणार नाही, असं बऱ्याच कंपन्यांचं सॉफ्टवेअर होऊच देत नाही.

आता हा माऊस जिथे लावाल तिथे अंगठा दाबला की तो थेट ‘बटण क्रमांक एक’ असंच कळवतो. काट्यावरच्या संगणकाला काही वेगळं आहे हे कळायचं कारणच नाही. लॉगिनचा पडदा चालतो, परवानगीची खिडकी चालते. यांच्या खात्यात चालवून पाहिला, पोरीच्या मशीनला लावून पाहिला. तिच्या मशीनवर मात्र उलटा चालला, कारण तिथे विंडोजनं आधीच अदलाबदल केलेली. तेही त्याला दाखवून ठेवलं, कधी अशा मशीनवर बसायची वेळ आली तर गोंधळायला नको.

शक्यतो हाताचा माल हाताबरोबर असावा, मशीनमध्ये नसावा, असं मला आता वाटायला लागलंय. पोरीसाठीही तसा माऊस शोधला. पण या जातीचे बहुतेक माऊस उजव्या तळव्याच्या आकाराचे, डाव्या हातात धरताच येत नाहीत. दोन्ही अंगांनी सारखे असतात ते थोडे, आणि जालन्यात मागवावे लागतात. मागवायला सांगितलंय.

माझा भाचा संध्याकाळी आला होता. त्याच्या लॅबमध्ये लिनक्स आहे, तिथे काय करायचं विचारत होता. जुन्या पद्धतीच्या पडद्यावर ‘एक्सइनपुट’ला बटणांचा नवा क्रम द्यायचा, एक-दोन-तीनच्या जागी तीन-दोन-एक, आणि एखादं बटण बंद करायचं तर त्याच्या जागी शून्य. नव्या पद्धतीच्या वेलँडवर हा मार्ग चालत नाही, तिथे सेटिंगमधलं मुख्य बटण बदलायचं किंवा ‘इनपुट रीमॅपर’ टाकायचं. त्यानं मोबाईलमध्ये टिपून घेतलं.

मंगळवार, १३ ऑगस्ट

आज डावखुऱ्यांचा जागतिक दिवस म्हणे, १९७६ पासून पाळतात. जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो. त्या हिशेबानं अंबडच्या कुठल्याही भरलेल्या वर्गात तीन-चार मुलं तरी निघतील. मग एकाही लॅबमध्ये डावीकडे ठेवलेला माऊस का दिसत नाही?

पोरीची संगणकावरची परीक्षा जवळ आली आहे. दोघींनी मिळून परीक्षा केंद्राला अर्ज लिहिला. मागणी दोनच ओळींची: परीक्षेच्या दिवशी उमेदवाराच्या लॉगिनमध्ये मुख्य बटण बदलून मिळावं, आणि माऊसची वायर कीबोर्डच्या डाव्या बाजूला पोचेल एवढी मोकळी असावी. दुसरी ओळ तिनं सुचवली. माऊसची वायर टेबलामागे बांधून टाकलेली असते, डावीकडे येतच नाही, हे मला सुचलं नसतं.

तिथल्या सरांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, कोपऱ्यातलं एक मशीन तसं करून देतो. मी म्हटलं, सर, मशीन नको, लॉगिन करा, म्हणजे तिचा नंबर कुठल्याही मशीनवर येऊ द्या. दोघांनी मिळून एक खातं बनवून बघितलं. त्यांनी त्याच बैठकीत विचारलं की उजव्या हाताला पट्टी बांधलेला एक मुलगा आहे, त्यालाही चालेल का. अर्जावर पोच घेतली. शुक्रवारी सकाळी त्या मुलाला घेऊन परत जायचंय.